रशियाचा प्रभाव: इतिहास, परराष्ट्र धोरण आणि साहित्य – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रशियाचा विषय निघाला की आपल्याकडे दोन सूर लागतात. एक ‘संकटात धावून आलेला मित्र’ हा, दुसरा ‘पोलादी पडद्यामागची हुकूमशाही’ हा. पुस्तकप्रेमी मंडळी असतील तर टॉलस्टॉय-चेखव्ह यांचा तिसरा सूर त्यात मिसळतो. खालची उत्तरं वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवा: रशियन सत्ता आणि रशियन लेखक हे बहुतेक काळ एकमेकांच्या विरुद्ध बाजूला उभे होते. एकाचं पुण्य दुसऱ्याच्या खात्यावर जमा करायला गेलं की हिशेब चुकतो.

रशियाचा प्रभाव म्हणजे नेमका कोणाचा? झारचा, सोव्हिएत संघाचा की आजच्या रशियाचा?

हे तिन्ही वेगळे आहेत. पीटर द ग्रेटनं १७२१ मध्ये घोषित केलेलं साम्राज्य १९१७ मध्ये कोसळलं. डिसेंबर १९२२ मध्ये स्थापन झालेला सोव्हिएत संघ डिसेंबर १९९१ मध्ये विसर्जित झाला. त्यानंतरचं रशियन महासंघराज्य हे तिसरं. मराठी वर्तमानपत्रांनी मात्र या सगळ्याला सरसकट ‘रशिया’च म्हटलं, आणि त्यातून गंमत होते. स्टॅलिन जॉर्जियाचा. जगातल्या पहिल्या कृत्रिम उपग्रहाचा, स्पुटनिकचा शिल्पकार कोरोल्योव्ह युक्रेनमधल्या झितोमिरला जन्मलेला. मिग विमानांच्या नावातला पहिला भाग ज्यांचा, ते मिकोयान आर्मेनियन. शास्त्रीजींचं निधन झालं ते ताश्कंद आज उझबेकिस्तानची राजधानी आहे. सोव्हिएत संघात पंधरा प्रजासत्ताकं होती, रशिया त्यांतलं एक. सगळ्यांत मोठं, पण एकच.

महाराष्ट्राचा आणि रशियाचा पहिला संबंध कधी आला?

वास्को द गामा कालिकतला उतरण्याच्या सुमारे तीस वर्षं आधी. त्व्हेर शहरातला अफनासी निकितिन हा व्यापारी व्होल्गातून माल घेऊन निघाला, वाटेत अस्त्राखानजवळ लुटला गेला, आणि हात हलवत घरी जाण्यापेक्षा इराणमार्गे होर्मुझला पोचला. तिथून एक घोडा विकत घेऊन तो जहाजानं चौलला उतरला. दख्खनेत घोड्यांची पैदास होत नाही, तेव्हा चांगली किंमत येईल, हा हिशेब. इथले लोक उघड्या अंगानं आणि उघड्या डोक्यानं फिरतात, केसांची एकच वेणी घालतात आणि गोरा माणूस बघायला आपल्या मागे गर्दी करतात, अशा नोंदी त्यानं केल्या आहेत.

जुन्नरला त्याचा पावसाळा गेला. तिथल्या असदखानानं त्याचा घोडा काढून घेतला आणि चार दिवसांत मुसलमान हो, घोडाही देतो आणि वर हजार मोहरा देतो, अशी अट घातली. ओळखीच्या एका खुरासानी अमलदारानं रदबदली केली म्हणून घोडा आणि धर्म दोन्ही वाचले. पुढे तो बहमनींच्या राजधानीत, बीदरला गेला. आपल्या देशात खपेल असा माल इथे मुबलक मिळतो अशी थाप आपल्याला मारली गेली, अशी त्याची तक्रार आहे. मिरी आणि रंग स्वस्त, बाकी सगळं आपल्या कामाचं नाही. परतीच्या वाटेवर, घर गाठण्याआधीच, स्मोलेन्स्कजवळ तो वारला. त्याची वही मात्र मॉस्कोला पोचली आणि बखरींत टिकली. रेवदंड्यात त्याचं स्मारक आहे. कोर्लई बघायला जाणाऱ्यांनी वाट थोडी वाकडी करायला हरकत नाही.

याला प्रभाव म्हणता येईल का? नाही. एकटा माणूस आला आणि गेला, त्याच्या मागून कुठलं सरकार आलं नाही. पोर्तुगीज आणि निकितिन यांच्यातला फरक तोच.

इंग्रजांना रशियाची एवढी धास्ती का होती?

एकोणिसाव्या शतकात झारचं साम्राज्य मध्य आशियात खानांचं एकेक राज्य गिळत दक्षिणेला सरकत होतं. ते अफगाणिस्तानातून हिंदुस्थानात उतरेल, या भीतीपोटी इंग्रजांनी दोन अफगाण युद्धं केली. पहिल्यात (१८३९-४२) काबूलहून माघार घेणारं अख्खं सैन्य कापलं गेलं. कुलाब्याचं अफगाण चर्च त्या युद्धातल्या मृतांच्या स्मरणार्थ उभारलेलं आहे. दुसऱ्या युद्धात, २७ जुलै १८८० रोजी मैवंदच्या रणात मुंबई लष्कराच्या पलटणी होत्या आणि त्यांची जबर हानी झाली. म्हणजे रशियाच्या भीतीची किंमत मुंबई इलाख्यातल्या शिपायांनीही मोजली, आणि रशियन सैनिक त्यांनी कधी डोळ्यांनी पाहिलाही नव्हता.

१८९५ मध्ये दोन्ही साम्राज्यांच्या सीमा एकमेकींना लागू नयेत म्हणून मध्ये वाखानची चिंचोळी पट्टी अफगाणिस्तानच्या पदरात टाकली गेली. काही ठिकाणी ती जेमतेम पंधरा-सोळा किलोमीटर रुंद आहे. नकाशात अफगाणिस्तानला चीनच्या दिशेनं आलेलं ते शेपूट या भांडणातून निघालं. १९०७ मध्ये दोघांनी करार करून प्रकरण मिटवलं, कारण तोवर दोघांनाही जर्मनीची चिंता लागली होती.

लेनिननं टिळकांवर लिहिलं होतं, हे खरं आहे का?

खरं आहे. मात्र व्हॉट्सॲपवर फिरतं त्यापेक्षा मूळ प्रकरण जास्त रंजक आहे.

‘केसरी’तल्या ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ या अग्रलेखांवरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला आणि २२ जुलै १९०८ रोजी सहा वर्षांची शिक्षा ठोठावली गेली. दुसऱ्या दिवसापासून मुंबईतल्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवलं, वर्षाला एक दिवस या हिशेबानं. लष्कर बोलवावं लागलं, गोळीबार झाला. तेव्हा जिनिव्हात परागंदा असलेल्या लेनिननं ऑगस्टच्या सुरुवातीला आपल्या ‘प्रोलेतारी’ पत्रात जगातल्या अस्वस्थतेवर एक लेख लिहिला. त्यात टिळकांवरच्या शिक्षेचा त्यानं कडक शब्दांत निषेध केला आणि मुंबईच्या संपाकडे बोट दाखवून म्हटलं की हिंदुस्थानातला कामगार आता जाणीवपूर्वक राजकीय लढ्यात उतरला आहे, तेव्हा तिथल्या ‘रशियन पद्धतीच्या’ इंग्रजी राजवटीचे दिवस भरले.

लेनिनच्या लेखी तेव्हा ‘रशियन’ हे विशेषण जुलमाचं होतं. इंग्रजांना झारच्या पंगतीला बसवणं ही त्याची सगळ्यांत जहरी शिवी. टिळक काही समाजवादी नव्हते, आणि लेनिनला त्यांच्या धार्मिक राजकारणात रस असण्याचं कारण नव्हतं. त्याला दिसले ते गिरणगावातले कामगार.

दुसऱ्या दिशेनंही त्याच काळात देवाणघेवाण झाली. पारनेरचे पांडुरंग महादेव बापट, पुढचे सेनापती बापट, हेमचंद्र दास यांच्यासोबत पॅरिसमध्ये रशियन क्रांतिकारकांकडून बाँब बनवण्याची कृती शिकून आले. त्या कृतीची पुस्तिका १९०८ मध्ये हिंदुस्थानात पोचली. १९०५ मध्ये जपाननं त्सुशिमाच्या सागरी लढाईत रशियन आरमार बुडवलं तेव्हा सगळ्या आशियात आनंद झाला होता, आणि त्याच वर्षी झारविरुद्ध उठलेल्या रशियन जनतेबद्दलही आपल्या लोकांना आपुलकी वाटत होती. सत्ता वेगळी आणि माणसं वेगळी, हे तेव्हाच्या पिढीला बरं कळत होतं.

ऑक्टोबर क्रांती नोव्हेंबरात का साजरी होते?

रशियात तेव्हा जुनं ज्युलियन कॅलेंडर होतं, ते तेरा दिवस मागे होतं. २५ ऑक्टोबर १९१७ म्हणजे आपला ७ नोव्हेंबर. नव्या सरकारनं १९१८ मध्ये कॅलेंडर बदललं. ३१ जानेवारीनंतर थेट १४ फेब्रुवारी उजाडला.

१९१७ नं मुत्सद्देगिरीत काय बदललं?

पहिला दणका छापखान्यातून दिला गेला. सत्तेवर येऊन तीन आठवडे होत नाहीत तोच बोल्शेविकांनी, म्हणजे लेनिनच्या पक्षानं, झारच्या परराष्ट्र खात्याच्या तिजोऱ्या उघडल्या आणि मित्रराष्ट्रांचे गुप्त करार वर्तमानपत्रांत छापायला सुरुवात केली. इंग्लंड आणि फ्रान्स यांनी अरबांना स्वातंत्र्याचं आश्वासन देत असतानाच त्यांचा मुलूख आपसांत वाटून घेणारा सायक्स-पिको करार केला होता. जगाला तो कळला या प्रसिद्धीमुळे. त्या वाटपाला रशियाची संमती होती, आणि इस्तंबूल त्याला मिळायचं ठरलं होतं. काही आठवड्यांनी अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांनी आपली चौदा कलमं मांडली. त्यातलं पहिलंच कलम उघड करारांचा आग्रह धरणारं आहे.

वीस-बावीस वर्षांनी त्याच सरकारनं २३ ऑगस्ट १९३९ रोजी नाझी जर्मनीशी करार केला आणि पूर्व युरोप वाटून घेणारं गुप्त परिशिष्ट त्याला जोडलं. ते परिशिष्ट अस्तित्वातच नाही, असं मॉस्को १९८९ पर्यंत सांगत राहिलं.

दुसरा बदल म्हणजे सरकारी परराष्ट्र खात्याच्या जोडीला पक्षाचं आंतरराष्ट्रीय जाळं आलं. १९१९ मध्ये कॉमिन्टर्न ही कम्युनिस्ट पक्षांची आंतरराष्ट्रीय संघटना निघाली, १९२० मध्ये मानवेंद्रनाथ रॉय यांनी ताश्कंदला भारतीय कम्युनिस्ट पक्षाची स्थापना केली. मुंबईत श्रीपाद अमृत डांगे यांनी १९२१ मध्ये गांधी आणि लेनिन यांची तुलना करणारी पुस्तिका काढली. १९२८ च्या सहा महिने चाललेल्या गिरणी संपातून ‘लाल बावटा’ घराघरांत पोचला आणि पुढच्याच वर्षी मीरत खटल्यात पुढारी पकडले गेले. या चळवळीवर मॉस्कोचा किती हात होता, यावर आजही वाद झडतात. माझ्या मते हुकूम मॉस्कोतून येत असतील, पण बारा-बारा तासांची पाळी आणि गिरणगावातल्या खोल्या मॉस्कोनं पाठवल्या नव्हत्या.

दुसरं महायुद्ध खरोखर रशियानं जिंकलं का?

युरोपातल्या जमिनीवरच्या लढाईचा सगळ्यांत मोठा भार सोव्हिएत संघानं उचलला, यावर इतिहासकारांत फारसं दुमत नाही. सुमारे दोन कोटी सत्तर लाख सोव्हिएत नागरिक मेले. लेनिनग्राडचा वेढा ८७२ दिवस चालला. २ फेब्रुवारी १९४३ ला स्टॅलिनग्राडमध्ये जर्मन सैन्य शरण आलं आणि त्याच सुमारास मुंबईत अण्णाभाऊ साठे यांनी स्टॅलिनग्राडचा पवाडा रचला. व्होल्गाकाठच्या लढाईवर डफ-तुणतुण्याच्या साथीत मराठी पवाडा, यापेक्षा वेगळा पुरावा कशाला हवा!

मात्र त्याच राजवटीनं १९३२-३३ च्या दुष्काळात युक्रेनमध्ये लाखो शेतकरी उपाशी मरू दिले, १९३७-३८ या दोन वर्षांत सुमारे पावणेसात लाख माणसं गोळ्या घालून मारली आणि १९४० मध्ये कातिन इथे व इतरत्र मिळून जवळपास बावीस हजार पोलिश कैदी संपवले. पवाडे रचणाऱ्यांना यातलं फारच थोडं ठाऊक होतं.

सुरक्षा परिषदेत रशियानं भारतासाठी व्हेटो, म्हणजे एका मतानं ठराव रोखण्याचा अधिकार, वापरला म्हणतात. नेमका कधी?

काश्मीरवर १९५७ आणि १९६२ मध्ये. गोव्यावर १९६१ मध्ये. आणि बांगलादेश युद्धात डिसेंबर १९७१ मध्ये तीनदा.

गोव्याचा प्रसंग कमी लोकांना आठवतो. १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय सैन्य गोव्यात शिरलं, तेव्हा सुरक्षा परिषदेत भारतानं सैन्य मागे घ्यावं असा ठराव आला. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स त्याच्या बाजूनं. सात मतं ठरावाला, चार विरोधात. विरोधातलं एक मत सोव्हिएत संघाचं होतं, म्हणून ठराव पडला. त्या वेळी सोव्हिएत नेते ब्रेझनेव्ह भारताच्या दौऱ्यावर होते आणि त्यांनी भारताची जाहीर पाठराखण केली.

१९७१ ची गोष्ट मोठी आहे. ९ ऑगस्टला दिल्लीत दोन्ही देशांचे परराष्ट्रमंत्री स्वर्ण सिंग आणि ग्रोमिको यांनी मैत्री करारावर सह्या केल्या. युद्ध पेटल्यावर आमसभेत १०४ विरुद्ध ११ अशा मतांनी युद्धबंदीचा ठराव झाला. जग कुठे उभं होतं ते या आकड्यांवरून कळावं. पण आमसभेचा ठराव बंधनकारक नसतो. बंधनकारक ठरू शकणारे सुरक्षा परिषदेतले प्रयत्न सोव्हिएत व्हेटोनं अडवले, आणि ढाका पडेपर्यंत भारताला वेळ मिळाला.

याच युद्धात मुंबईच्या आरमारानं काय केलं ते पाहण्यासारखं आहे. सोव्हिएत संघाकडून घेतलेल्या ओसा जातीच्या छोट्या क्षेपणास्त्र नौका मुळात बंदराच्या रक्षणासाठी बनवलेल्या होत्या. पल्ला कमी, इंधन थोडं. आपल्या नौदलानं त्या दोरखंडानं ओढत कराचीच्या टप्प्यात नेल्या आणि ४ डिसेंबरच्या रात्री ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ यांनी हल्ला चढवला. खलाश्यांचं प्रशिक्षण व्लादिव्होस्तोकला झालेलं, त्यामुळे बिनतारी संदेश ते रशियनमध्ये बोलत, ऐकणाऱ्याला पत्ता लागू नये म्हणून. दरवर्षी ४ डिसेंबरला नौदल दिन असतो तो यामुळे. हत्यार सोव्हिएत, पण ते असं वापरायची कल्पना इथली.

मग रशिया हा भारताचा ‘सदासर्वकाळ मित्र’ आहे, असं म्हणायला काय हरकत आहे?

ऑक्टोबर १९६२ आठवा. २० तारखेला चीननं हल्ला केला, तेव्हा मॉस्को क्यूबातल्या क्षेपणास्त्रांच्या पेचात अडकलं होतं. अशा वेळी चीनला दुखवायचं नाही म्हणून सोव्हिएत पक्षाच्या ‘प्रावदा’ या मुखपत्रानं २५ ऑक्टोबरला चीनच्या प्रस्तावांची बाजू घेतली. क्यूबाचं प्रकरण निवल्यावर सूर पुन्हा बदलला. १९९३ मध्ये अमेरिकेच्या दडपणाखाली रशियानं अतिथंड इंधनावर चालणाऱ्या क्रायोजेनिक रॉकेट इंजिनाचं तंत्रज्ञान द्यायला नकार दिला आणि फक्त तयार इंजिनं दिली. इस्रोला ते तंत्र स्वतः उभं करायला पुढची वीस वर्षं लागली.

आणि आपणही फुकट काही घेतलं नाही. १९५६ मध्ये हंगेरीत रणगाडे घुसले, १९६८ मध्ये प्रागमध्ये, १९७९ मध्ये अफगाणिस्तानात. प्रत्येक वेळी दिल्लीची जीभ अडखळली. २०२२ नंतर युक्रेनच्या ठरावांवर भारत तटस्थ राहिला. त्याच काळात रशियन खनिज तेलाचा आपल्या आयातीतला वाटा दोन टक्क्यांच्या आतून एक तृतीयांशाच्या वर गेला. समरकंदला पंतप्रधानांनी पुतिन यांना ‘आजचा काळ युद्धाचा नाही’ असं तोंडावर सांगितलं, आणि तेलाची जहाजं येत राहिली. देशादेशांत हितसंबंध जुळले की त्याला मैत्री म्हणायची पद्धत आहे, एवढंच.

महाराष्ट्रात या संबंधांच्या ठोस खुणा कुठे आहेत?

पवईची आयआयटी १९५८ मध्ये युनेस्कोमार्फत आलेल्या सोव्हिएत मदतीनं सुरू झाली. सुरुवातीची यंत्रसामग्री आणि तज्ज्ञ तिकडचे. मुंबईजवळच्या समुद्रात तेल असावं, हे साठच्या दशकात एका सोव्हिएत सर्वेक्षण जहाजाच्या पाहणीतून पुढे आलं, आणि १९७४ मध्ये बॉम्बे हायला तेल लागलं. नाशिकजवळ ओझरला मिग-२१ बनली, पुढे सुखोई-३०. मिग-२१ सप्टेंबर २०२५ मध्ये हवाई दलातून निवृत्त झालं. गोव्यात म्हणाल तर मोरजीच्या किनाऱ्यावर मेनूकार्ड रशियन लिपीत दिसतील, कारण हिवाळ्यात चार्टर विमानांनी येणारे पर्यटक. हा प्रभाव निव्वळ थंडीचा.

रशियन साहित्य एवढं ताकदीचं का झालं?

एकोणिसाव्या शतकातल्या रशियात संसद नव्हती, मोकळी वर्तमानपत्रं नव्हती. शेतकरी गुलामी १८६१ पर्यंत कायदेशीर होती. उघडपणे बोलायला जागा एकच उरली, ती कथा-कादंबरीत, तीही सेन्सॉरच्या कात्रीखालून. त्यामुळे देव आहे का, जमीन कोणाची, खून क्षम्य ठरू शकतो का, हे सगळे वाद कादंबरीत शिरले. तिकडचा वाचक कादंबरी करमणुकीसाठी वाचत नव्हता.

दस्तयेव्हस्कीचं उदाहरण घ्या. बंदी घातलेलं एक पत्र मंडळात वाचून दाखवलं, हा त्याच्यावरचा मुख्य आरोप. डिसेंबर १८४९ मध्ये त्याला आणि साथीदारांना पीटर्सबर्गच्या चौकात बर्फात उभं केलं, मृत्युदंड वाचून दाखवला, पांढरे सदरे चढवले. पहिल्या तिघांना खांबांना बांधून बंदुका रोखल्या गेल्या. दस्तयेव्हस्की पुढच्या तिघांत होता. तेवढ्यात झारची माफी आली. ती आधीच ठरलेली होती, सगळा देखावा होता. खांबाला बांधलेल्यांपैकी एकाचं डोकं कायमचं फिरलं. दस्तयेव्हस्कीला ओम्स्कमध्ये चार वर्षं सक्तमजुरी झाली. मृत्युदंडाच्या आधीच्या शेवटच्या मिनिटांत माणसाच्या मनात काय चालतं, हे त्यानं नंतर ज्या बारकाईनं लिहिलं, त्याचं मूळ या सकाळी आहे.

चेखव्हची तऱ्हा अगदी वेगळी. तो पेशानं डॉक्टर. १८९० मध्ये सखालिन बेटावर जाऊन त्यानं हजारो कैदी आणि वसाहतवाल्यांची खानेसुमारी केली. कथेत काहीतरी ‘घडलं’ पाहिजे, हा दंडक त्यानं मोडला. आज मराठीत जी नवकथा-परंपरा आहे, तिच्यापर्यंत ही वाट बहुधा इंग्रजी भाषांतरांतून पोचली.

टॉलस्टॉय आणि गांधीजी यांची भेट झाली होती का?

नाही, फक्त पत्रव्यवहार झाला, तोही वर्षभराचा. व्हँकुव्हरहून पत्रक काढणाऱ्या तारकनाथ दास यांना टॉलस्टॉयनं डिसेंबर १९०८ मध्ये एक लांबलचक उत्तर लिहिलं होतं: तीस हजार लोकांनी वीस कोटींना गुलाम केलं असेल, तर दोष गुलामी पत्करणाऱ्यांकडे जातो. हे पत्र गांधीजींच्या हाती लागलं. १९०९ मध्ये लंडनहून दक्षिण आफ्रिकेला परतताना ‘हिंद स्वराज्य’ लिहिलं त्याच जहाजावर त्यांनी या पत्राचं गुजराती भाषांतर केलं. जोहान्सबर्गजवळ गांधीजींचे मित्र कॅलनबाख यांनी सत्याग्रहींसाठी अकराशे एकर जमीन दिली, तिला टॉलस्टॉय फार्म नाव पडलं. टॉलस्टॉयचं गांधीजींना शेवटचं दीर्घ पत्र सप्टेंबर १९१० चं. नोव्हेंबरमध्ये घर सोडून निघालेला तो ब्याऐंशी वर्षांचा म्हातारा अस्तापोव्हो नावाच्या रेल्वे स्टेशनात वारला.

झारशाहीनं त्याच्या बऱ्याच लेखनावर बंदी घातली होती, चर्चनं त्याला बहिष्कृत केलं होतं. रशियाचा भारतावर पडलेला सगळ्यांत खोल प्रभाव कोणता असं विचारलंत, तर मी दास यांना लिहिलेल्या त्या पत्राचं नाव घेईन. आणि त्यात रशियन सरकारचा काडीचाही वाटा नाही.

सोव्हिएत पुस्तकं मराठीत एवढी स्वस्त कशी मिळायची?

कारण त्यांचा खर्च मॉस्को उचलत असे. ‘प्रगती’, ‘रादुगा’, ‘मीर’ या प्रकाशनांची पुस्तकं तिकडेच भाषांतरित होऊन, छापून, जाड पुठ्ठ्यात बांधून इकडे येत. लोकवाङ्मय गृह ती गावोगावच्या प्रदर्शनांतून विकायचं. ‘सोव्हिएत लँड’ नियतकालिकाचा गुळगुळीत कागद जूनमध्ये वह्यापुस्तकांना कव्हरं घालायला उत्तम. आतला प्रचार किती जणांनी वाचला ते सोडा. हेतू प्रचाराचा होता यात शंका नाही. पण मुलांनी त्यातून उचलले ते अस्वलं, बर्फ आणि बाबायागा चेटकीण. इरोडोव्हच्या भौतिकशास्त्रातल्या उदाहरणांनी तर लातूर-कोट्याच्या पोरांना आजही घाम फुटतो. १९९१ नंतर ही गंगा आटली. आता ती पुस्तकं फोर्टच्या फुटपाथवर किंवा स्कॅन केलेल्या फायलींत सापडतात.

अण्णाभाऊ १९६१ मध्ये स्वतः तिकडे जाऊन आले आणि त्यांनी प्रवासवर्णन लिहिलं. सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्कोतल्या परकीय साहित्याच्या ग्रंथालयात त्यांचा पुतळा बसला. वाटेगावच्या लोकशाहिराचा पुतळा मॉस्कोत, ही गोष्ट आनंदाचीच; फक्त तो कोणत्या वर्षी बसला आणि तेव्हा युक्रेनमध्ये काय चालू होतं, हेही सोबत वाचावं.

साहित्य हे हत्यार म्हणून वापरलं गेलं, म्हणजे काय?

पास्तरनाकचं प्रकरण बघा. ‘डॉक्टर झिवागो’ सोव्हिएत नियतकालिकानं नाकारली. हस्तलिखित इटलीत गेलं आणि १९५७ मध्ये मिलानला छापलं गेलं. पुढच्या वर्षी नोबेल जाहीर झालं, लेखक संघानं त्याला हाकललं, आणि चहूकडून दडपण आल्यावर त्यानं पारितोषिक नाकारलं. देशाबाहेर घालवू नका, अशी विनवणी त्याला सोव्हिएत प्रमुख ख्रुश्चेव्हकडे करावी लागली. दोन वर्षांत तो वारला. पदक १९८९ मध्ये मुलानं स्वीकारलं.

दुसरी बाजू २०१४ मध्ये अधिकृतपणे उघड झाली. कादंबरीची रशियन आवृत्ती अमेरिकेच्या सीआयएनं गुपचूप छापून घेतली होती आणि १९५८ च्या ब्रुसेल्स जागतिक प्रदर्शनात व्हॅटिकनच्या दालनातून ती सोव्हिएत पर्यटकांच्या हाती दिली जात होती. म्हणजे एका महासत्तेला ही कविवृत्तीची कादंबरी बाँबसारखी वाटली आणि दुसरीनं ती बाँबसारखीच वापरली. बिचाऱ्या पास्तरनाकला दोघांनीही विचारलं नव्हतं.

त्यापेक्षा अंगावर काटा येतो तो कवयित्री अख्मातोव्हाच्या ‘रेक्वियम’ बद्दल वाचताना. मुलगा तुरुंगात, ती सतरा महिने लेनिनग्राडच्या तुरुंगाबाहेर रांगेत. कवितेच्या ओळी ती कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून मैत्रिणीला दाखवायची, मैत्रीण पाठ करायची, मग कागद काडी लावून रक्षापात्रात जाळायचा. सोव्हिएत संघात ती कविता छापली गेली १९८७ मध्ये.

युक्रेन युद्धानंतर रशियन साहित्य वाचावं का?

वाचावं, पण डोळे उघडे ठेवून. युक्रेनमध्ये पुश्किनचे पुतळे उतरवले जात आहेत, त्यामागे कारणं आहेत. १८३१ मध्ये पोलंडचं बंड चिरडलं गेलं तेव्हा पुश्किननं साम्राज्याच्या बाजूनं कविता लिहिली. दस्तयेव्हस्की इस्तंबूल आपलंच असं ठणकावत होता. झारनं युक्रेनियन कवी शेव्चेन्कोला सैन्यात हद्दपार केलं आणि त्याच्या लिहिण्या-रंगवण्यावर बंदी घातली. १८७६ मध्ये युक्रेनियन भाषेतल्या छपाईवरच निर्बंध आले. आणि ज्या गोगोलला आपण रशियन गद्याचा पाया समजतो, तो पोल्तावा भागातला, युक्रेनी मातीतला. उलट म्हातारपणी टॉलस्टॉयनं कॉकेशस जिंकण्याच्या मोहिमेचं सोंग उघडं पाडणारी ‘हाजी मुराद’ लिहिली, जी त्याच्या मृत्यूनंतरच छापली गेली. लेखकागणिक हिशेब वेगळा मांडावा लागतो.

रशियन कादंबरीतली नावं लक्षातच राहत नाहीत. काय करावं?

ही तक्रार मराठी माणसानं तरी करू नये. त्यांचं नाव आपल्यासारखंच तीन भागांचं: स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. रोद्योन रोमानोविच रस्कोल्निकोव्ह म्हणजे रोमानचा मुलगा रोद्योन. मुलगी असेल तर ‘-ओव्हना’ किंवा ‘-एव्हना’. नाव आणि वडिलांचं नाव जोडून हाक मारली की ती आदराची. घरात मात्र दिमित्रीचा मित्या, अलेक्सांद्रचा साशा होतो, जसा आपल्याकडे पांडुरंगाचा पांडू. पहिल्या पन्नास पानांत चिठ्ठीवर नावं लिहून ठेवली की पुढे अडत नाही.

सुरुवात कुठून करू?

जाडजूड कादंबऱ्यांपासून तर नकोच. आधी चेखव्हची ‘वॉर्ड नंबर ६’ घ्या, एका बैठकीत होते. मग टॉलस्टॉयची ‘इव्हान इलिचचा मृत्यू’. इतिहासासाठी १९१७ चं एक आणि १९९१ चं एक पुस्तक वेगवेगळ्या बाजूच्या लेखकांचं वाचा. भाषाच शिकायची असेल तर पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे, मुंबईत विद्यापीठाचा रशियन विभाग आहे. लिपी आठवड्याभरात येते. विभक्त्या सहा आहेत. संस्कृतच्या आठ पाठ केलेल्यांना त्या जड जाऊ नयेत.